कोबीची पानं

मिरेय, तुला कधी सांगितलं नाही,
पण ऑगस्टपासून मी जी गोळी घेत होते
ती बायका मूल होऊ नये म्हणून घेतात.
मेटेगनच्या औषधाच्या दुकानातली बाई
चिठ्ठी दोनदा वाचत राहिली.
तुम्हाला कशाला, असं विचारलं नाही तिनं.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे
माझी पिशवी कधी काढली ते,
आणि तो मंगळवार होता हेही.

शरीराला फसवायचं, डॉक्टर म्हणाली,
त्याला वाटू द्यायचं, आत कुणीतरी आहे.
माझं शरीर भोळं. लगेच फसलं.
सकाळी मळमळ,
छाती अशी ठणकायची
की अन्सेल्मच्या स्वेटरची लोकरही सोसेना.
तुझ्या पोटात झेली लाथा मारायची
आणि डोकं माझं दुखायचं.
सात किलो वाढले.
रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर लोक
आधी तुझ्या पोटाकडे बघायचे, मग माझ्या,
आणि हिशेब जुळेना म्हणून हवापाण्याचं बोलायचे.

डिसेंबरात ती गोळी बंद, दुसरी सुरू,
दिवसातून चारदा.
त्याआधी नर्सनं छातीवर तारा चिकटवून
माझं काळीज कागदावर काढलं.
ठोका चुकल्यासारखा वाटला तर लगेच कळवा, म्हणाली.
दोनदा वाटला.
एकदाच कळवलं.

आणि दर तीन तासांनी यंत्र.
पहाटे तीनला अन्सेल्म बूट चढवून
लॉबस्टरच्या बोटीवर निघायचा,
मी स्वयंपाकघरात, दोन नळ्या लावून,
रिकाम्या बाटल्यांवर नजर.
यंत्र सारखं तेच म्हणायचं.
एका रात्री ऐकू आलं: कुणाचं, कुणाचं, कुणाचं.
दुसऱ्या रात्री: नको गं, नको गं.

पहिला थेंब आला तेव्हा घरात कुणी नव्हतं.
बोटावर घेतला, चाटला.
गोड. जरासा खारट.
बाहेर उणे अठरा,
खाडीचं पाणी लांब गेलेलं, चिखल गोठलेला.
पान्हा फुटतो म्हणतात तो हाच असेल
तर मग जिभेला ही कोरड कसली?
गोळीच्या कागदावर तेही होतं, बारीक अक्षरांत.
मी तीन पेले पाणी प्यायले,
तरी शब्द टाळूला चिकटलेलाच.
आई, असा शब्द. म्हणून बघत होते.

तुला काही करावं लागलं नाही.
चौथ्या दिवशी तू झेलीला बघायला आलीस,
ती रडली,
आणि शर्ट तुझा भिजला.
दोन गोल डाग, बशीएवढे.
आपण दोघींनी खिडकीबाहेर बघितलं.

मग तूच फ्रीज उघडलास,
कोबीची थंडगार पानं सोललीस,
आतून लावलीस, दूध आटावं म्हणून.
टेबलाच्या त्या बाजूला तू आटवत होतीस,
या बाजूला मी ओढून काढत होते,
आणि मधे झेली, गालाशी चिकटपट्टीनं अडकवलेली बारीक नळी,
नळीत पावडरचं दूध,
त्यात माझे दोन चमचे.
किती हसू आलं असतं,
दुसऱ्या कुणाचं असतं तर.

पानं सोलून सोलून गड्डा मुठीएवढा उरला.
मी त्याचं सूप केलं.
तू दोन वाट्या प्यायलीस.
मीठ कमी आहे, एवढंच म्हणालीस.

मार्चमध्ये मी गोळी सोडली, एकदम.
झोप गेली. हात कापायचे.
रात्रभर वाटायचं, दाराबाहेर कुणीतरी उभं आहे,
झेलीला न्यायला,
आणि तिच्या शर्टावर दोन ओले डाग आहेत.
हाही औषधाचाच परिणाम, डॉक्टर म्हणाली,
हळूहळू कमी करायला हवी होती.
असेल.
मी तरी दार उघडून बघितलं.
बर्फावर फक्त अन्सेल्मच्या बुटांच्या खुणा,
बंदराकडे जाणाऱ्या.

ये ना कधीतरी, मिरेय.
कोबी नको आणूस.
अजून दोन चमचे येतात.