नोंदणीकृत कार्यालय

बाहेती सीएंच्या जिन्यावर
नूरबीनं चपला हातात घेतल्या, मग परत घातल्या.
"कंपनी काढाया आलोत," ती म्हणाली,
दाढ काढायला आल्यागत.
मी मागं. पिशवीत अर्धा किलो येसूर,
त्याचा वास आमच्या आधीच आत गेलेला.

दोन जणी पुरतात, सर म्हणाले.
संचालक दोन, भागधारक दोन, त्याच दोघी चालतील.
एक तरी वर्षातले एकशे ब्याऐंशी दिवस
देशात राहिलेली हवी.
मी परभणीच्या पुढं एकदाच गेलेली,
नांदेडला, तेही दवाखान्यात.
नूरबी म्हणाली, "लिहा सर, तीनशे पासष्ट."

मग नाव. नाव आधी मागून घ्यायचं असतं.
'सुगंध' नाही मिळालं, आधीच कुणाकुणाचं होतं.
'अन्नपूर्णा' तर सरांनी टाइपसुद्धा केलं नाही.
नुसतं 'येसूर' चालत नाही, ती वस्तू झाली.
शेवटी आठवडी बाजारात बाया नूरबीला
जी हाक मारतात तीच पाठवली:
वालूरवाली फूड्स प्रायव्हेट लिमिटेड.
चौथ्या दिवशी मंजूर.

"लिमिटेड म्हंजे?"
बुडाली तर तुमच्या भागापुरतीच बुडेल,
घरातली भांडी कुणी नेणार नाही.
नूरबीनं पदर तोंडाला लावला.
"मग इतके दिस आपण अनलिमिटेड होतो गिरजा."

उद्देश काय लिहू, सरांनी विचारलं.
येसूर, काळा मसाला, शेवया.
आणखी?
पुढं कधी काही करावंसं वाटलं तर, आत्ताच लिहून ठेवा.
पंखा फिरत होता.
एवढ्या वयात हा प्रश्न
आम्हाला कुणी केला नव्हता,
आणि उत्तर देणारं तोंड
दोघींचंही एकदम कोरडं पडलं.
मी म्हणाले, लोणचं. उगीच.

ऑफिस म्हणजे माझी पत्र्याची खोली.
लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर,
लिंबाजी काळदाते, वारून सहा वर्षं झाली.
माणूस कितीही जुना चालतो,
बिल दोन महिन्यांच्या आतलं लागतं.
वारसाची ना हरकत आणा म्हणाले.
दीर तीन वर्षं बोलत नव्हते.
कागद त्यांनी उन्हात धरून वाचला.
"यात मी कुठं?"
"कुठंच नाही भाऊजी.
तुमची हरकत नाही, एवढंच."
सही करताना पेन चालेना,
त्यांनी ते चपलेवर घासलं.

मेमोरँडमच्या दुसऱ्या कलमात
गावाचं नाव येत नाही, फक्त राज्याचं.
नूरबी म्हणाली, दादाच्या घराच्या कागदावर
हैदराबाद लिहिलंय, उर्दूत.
ओटा तोच, लिंब तोच,
राज्यच कधी बदलून गेलं, त्यांना विचारलं नाही कुणी.
सरांनी 'महाराष्ट्र' टाइप केलं.

मोबाइलसमोर बसून स्वतःचं नाव सांगायचं,
डोळे मिचकवायचे: म्हणजे डिजिटल सही.
माझं नाव मी दोनदा चुकले.
आधी माहेरचं आलं तोंडात.

मंगळवारी प्रमाणपत्र आलं. एकवीस अक्षरं-आकडे.
सर म्हणाले, ही आता कायद्यानं व्यक्ती आहे,
तिचं वेगळं पॅन,
तिच्यावर खटला भरता येतो,
तुम्ही दोघी गेलात तरी ती मरत नाही.
"खायाला काय लागतं तिला?" नूरबी.
"दरवर्षी हिशोब. वेळेवर."

पाटी लागतेच बाहेर, तीही
इथल्या भाषेच्या अक्षरांत, कायद्यातच आहे.
इस्माईल पेंटरनं 'वालूरवाली' इतकं ऐसपैस काढलं
की शेवटी 'लिमिटेड'चा ड
पत्र्याच्या कडेला अंग चोरून उभा राहिला.
परत रंगवू का, त्यानं विचारलं.
नूरबी तोवर चुलीशी बसून
धने भाजायला लागली होती.
"राहू दे," ती म्हणाली, "वाचता येतंय."