शुद्धिपत्रक

खानदेशातला मे. दुपारी दोन.
धावपट्टी पाण्यासारखी हलते.
तापलेली हवा पातळ असते, वैमानिक सांगतो,
पंखांना धरायला काही उरत नाही तिच्यात.
मग नऊ माणसं उतरवा,
रावेरच्या केळीच्या पेट्या उतरवा,
नाहीतर चारशे मीटर डांबर वाढवा.

चारशे मीटरचा हिशेब माझ्या टेबलावर आहे.
केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा,
महापालिकेचा वाटा: स्मरणपत्र तिसरं.
शेवटी तुटीचा रकाना.
परवा बहात्तर खुर्च्यांत एकतीस माणसं होती,
उरलेल्या एक्केचाळीस खुर्च्यांत
आमची हवाच बसून गेली मुंबईला.
तिचं तिकीट सरकार भरतं,
पावती मी फाडतो.

दगा सोनवणे पट्टीवरची पाखरं हाकलतो.
त्याच्या सुतळी बॉम्बचं बिल दरमहा येतं,
‘फटाके (दिवाळी नव्हे)’ असं लिहून मंजूर करतो मी.

काल तोच दगा मला पूर्वेच्या टोकाला घेऊन गेला,
जिथे वाढीव पट्टीचा चुना पडलाय.
“सायेब, आठे तीन अंडा शेतस.”
खडीत खडीसारखीच. मला आधी दिसलीच नाहीत.
टिटवी डोक्यावर ओरडत होती,
आणि हा पाखरं हाकलायचा पगार घेणारा माणूस
तिच्याकडे पाठ करून उभा.
“किती दिवस लागतील?”
“बारा-तेरा.”

सोमवारी निविदा उघडायची होती.
आज शुद्धिपत्रक काढलं:
मुदत पंधरा दिवसांनी वाढवण्यात येत आहे.
कारण: तांत्रिक.