खळ

पुराचं पाणी उतरल्यावर तिसऱ्या आठवड्यात
चौगुले मास्तर दुकानात आले.
सायकलच्या कॅरिअरला गोणपाट, गोणपाटात डिक्शनरी,
फुगून उशीएवढी झालेली.
"दस्तगीर, हिचं काही होईल?"

माझ्याही भिंतीवर छातीएवढी रेघ होती गाळाची.
हरभट रोडवर तेव्हा सगळ्यांचंच काही ना काही वाळत होतं,
वह्या, गाद्या, हळदीची पोती, लग्नाचे अल्बम.
म्हटलं, ठेवा. बघतो.

किटलीची वाफ, बांबूची पट्टी, आणि दम.
एकेक पान सोडवत गेलो.
एसपाशी पानं हटून बसली.
सुटली तेव्हा एका शब्दाचा पापुद्रा
माझ्या अंगठ्याला चिकटून आला.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला,
माझा अंगठा डोळ्यांजवळ धरून वाचलं:
स्टाउंड.
"मेलेला शब्द. आता कुणी बोलत नाही."
म्हणजे काय?
"म्हणजे थोडा वेळ. घटका म्हण."
थांबले.
"म्हणजे वेदना. अचानक उठते ती."
मग म्हणाले, "सुन्न होऊन बसणं. तेही."
"आणि खाली बारीक अक्षरात, तिकडच्या कुठल्याशा खेड्यात,
बिअर ठेवायचं लाकडी भांडं."
त्या भांड्याला आम्ही दोघं हसलो.

मी म्हटलं, मास्तर, हा मेला नाही,
आमच्या घरी राहतो.
आई म्हणायची, पोटात कळ आली.
आणि मी भुकेनं रडलो की म्हणायची,
जरा कळ काढ, येतोय बाप.
तीच कळ. एकदा दुखणारी, एकदा थांबवणारी.
भांडं तेवढं नाही आपल्यात.

या वेळी मास्तर हसले नाहीत.
सगळ्या पेठेला ठाऊक होतं, मलाही होतं,
तरी तोंडातून गेलं.
गच्चीवर दोघंच. जिनमतीकाकू छाती धरून
टाकीला टेकलेल्या.
बोट कोपऱ्यापर्यंत आलेली,
मोटरचा आवाज येत होता म्हणे.

"मीही तेच म्हणालो तिला," मास्तर म्हणाले.
"जरा कळ काढ. हेच शब्द."

मग स्टुलावर बसून राहिले.
तिसऱ्या अर्थाला आपल्याकडे काय म्हणतात
ते मी विचारलं नाही.
लाकडी वाडग्यातली खळ ढवळत राहिलो,
गुठळ्या नव्हत्या तरी.

पापुद्रा जागेवर बसवला. किंचित तिरका बसला.
मास्तरांनी माझ्या कानावरची पेन्सिल काढून
समासात काहीतरी लिहिलं, दोनच अक्षरं.
कागद ओला. शिसं उठलं नाही,
नुसती चर पडली.
पान उजेडाला आडवं धरलं तरच दिसते.

बाइंडिंगचे एकशे ऐंशी झाले.
त्यांनी दोनशे दिले
आणि वीस परत घ्यायला थांबले नाहीत.