तीन मीटर

अंबाजोगाईच्या ओपीडीत फरशीवर
तीन मीटरची पिवळी पट्टी.
उठा, चाला, वळा, परत बसा.
माझ्या हातात स्टॉपवॉच.

वर्षभरात किती वेळा पडलात?
पडले न्हाई, म्हणतात गयाबाई सोनटक्के,
हौदापाशी जरा बसले.
किती वेळा बसलात?
तीनदा. एकदा मनगट गेलं.
फॉर्मात बसण्याला रकाना नाही.

उठल्या. नवा गुडघा अजून पाहुण्यासारखा,
टेकू का, विचारत टेकतो.
वळणावर थांबल्या, खुर्ची धरून वाकल्या,
पंख्याची सैल वायर
भिंतीकडं सारली.
कुणी अडखळंल की, बाई.

एकोणीस सेकंद.
धोका: जास्त.

वायरीचे चार वजा केले
तरी पंधरा उरतात.
समासात पेन्सिलीनं
नुसतं लिहून ठेवलंय: वायर.