सात विसा आणि चार

धुळाप्पामामा मेंढरं मोजतो तेव्हा
कुणी बोलायचं नाही. कुत्र्यानंही.
दोन काठ्यांच्या फटीतून एकेक आत येते,
त्याचा हात पाठीवर टेकतो न टेकतो,
वीस झाली की एक खडा धोतराच्या सोग्यात.
सात खडे. वर चार.
मग वाघरीचं तोंड बांधून
पटका सैल करत म्हणतो, "हं. बोला आता."

बोलतो तोच.
झऱ्याच्या माळावर, दिवाळीनंतरच्या थंडीत,
तीन दगडांवर डेचकी, अंगावर घोंगडं,
तो ओवी लावतो. देवाची नव्हे,
आधी वाटेची:

लेंगऱ्याखाली उतार लागंल,
उताराला तीन बाभळी.
तिसरीच्या बुडी हात घाल,
कोपरभर खाली गोडं पाणी.

त्याच्या बापानं त्याला दिलेली ती ओवी
म्हणजे झऱ्यापासून कुंभार्लीच्या घाटापर्यंत
कुठं थांबायचं, कुठं गप निघायचं,
कुठला पाटील एका रातीच्या लेंड्यांना
पायलीभर जोंधळा देतो
आणि कुठला देतो म्हणून देत नाही.

मी मोबाइल पुढं केला.
"ह्यात घितलीस," मामा म्हणाला,
"तर तू ऐकनार न्हाईस."
मी तो खिशात टाकला.
खरं सांगायचं तर मला तेव्हा झोप येत होती.

गेल्या साली तिसरी बाभूळ गेली.
कालवा आला. शेततळ्याचं निळं प्लॅस्टिक,
डाळिंबाला साड्या गुंडाळलेल्या,
तारेचं कुंपण, तारेला पाटी.
मी विचारलं, मामा, ते कडवं काढायचं का आता?
त्यानं चिलीम उलटी करून तळहातावर आपटली.
"पान्यावर माजा राग न्हाय.
म्हाज्या आईनं दोनी हातांनी वाळू उपसलीया तितं,
नखं गेल्ती तिची.
येऊ दे की पानी.
पर मेंढरू पाटी वाचत न्हाय, लेका."
आणि बाभूळ तशीच ठेवून पुढं म्हणत गेला.

यंदा गुडघ्यानं वाट सोडली.
तायाप्पा आणि सुसामामी कळप घेऊन पुढं गेली,
घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या,
आणि माझ्या टेंपोत राहिली
अकरा पिल्लं, दोन लंगड्या मेंढ्या,
मामा.
पुढं बस म्हटलं तर बसला नाही.
"तितनं काय दिसतंय? नुस्ता डांबर."
मागं पिल्लांत फतकल मारून
त्यानं फळीला पाठ लावली.

मोजलेस का, मी विचारलं.
"तेरा. आनि म्या लंगडा चौदावा."

विट्याच्या पुढं त्यानं ओवी काढली.
आरशात नुसता पटका हलताना दिसत होता,
शब्द वाऱ्यानं तुटून तुटून येत होते.
साठचा वेग.
ओवी लेंगऱ्याचा उतार उतरत होती
तेव्हा आम्ही येरळेच्या पुलावर,
ओवीनं येरळेत पाय घातला,
शेळी भिते, मेंढी भीत नाही,
म्होरक्याचं शिंग धर, बाकीची येतील,
तेव्हा कडेगावचा पेट्रोलपंप मागं पडला होता.

मामाच्या ध्यानात आलं.
त्यानं ओवी पळवायचा प्रयत्न केला.
सत्तर वर्षांत पहिल्यांदा
धुळाप्पामामा घाईघाईनं म्हणत होता,
एका मुक्कामावर दुसरा मुक्काम चढत होता,
एक पिल्लू मधेच ओरडलं,
आणि मग मागं काहीच ऐकू येईना.

मी आरशात पाहिलं.
तो पिल्लाच्या डाव्या कानाची चीर
अंगठ्यानं चाचपत बसला होता.
आपलंच आहे ना, बघावं तसं.

मी गाडी डाव्या अंगाला घेतली.
तिसरा गिअर. मग दुसरा.
"मामा, येरळा झाली का पार?"
बराच वेळ काही नाही.
मग फळीवर दोन थापा,
चालत्या कळपाला थांबवायच्या असतात तसल्या.
"न्हाय. चार ऱ्हायलीत अजून."

मागून एसटी हॉर्न देत होती.
देऊ दे.