मोठ्या अक्षरात

रावेरच्या स्टेशन रोडला, खतांच्या दुकानावर,
अकरा पायऱ्या चढून आमची लॅब.
लीलाधर फेगडेनं डबी आणली
ती शर्टाच्या आत, पोटाशी धरून.
गार होऊ देऊ नका, असं मीच फोनवर सांगितलं होतं.
काउंटरला बाई बघून त्यानं डबीवर रुमाल टाकला.
मी रुमालासकट उचलली.
किती दिवसांनी, विचारलं.
तो खतवाल्याच्या कॅलेंडरला म्हणाला, "चार."

पातळ व्हायला अर्धा तास लागतो.
तेवढ्यात दोघांची साखर झाली,
एका रडक्या पोराचं हिमोग्लोबिन.
मग एक थेंब काचेवर.

रोज बघते मी.
चांगल्या थेंबात बाजाराचा दिवस असतो :
कुणी सरळ निघालेला, कुणी जागीच गरगरणारा,
एखादा दोन डोक्यांचा, बरेचसे बिनकामाचे.
एकेक घडायला अडीच महिने लागतात
आणि तरी ही उधळण.
पहिल्या वर्षी मला हसू यायचं. आता मोजते.

लीलाधरच्या काचेवर
कुणीच नव्हतं.
काच सरकवली. पुन्हा. कोपरा, दुसरा कोपरा.
यंत्रात फिरवून तळाचा थेंब घेतला.
स्वच्छ.
शेणानं सारवून ठेवलेलं अंगण,
आणि कुणी यायचं नाही.

फाइल त्यानं बायकोची आणली होती,
का कुणास ठाऊक. जाड, सुतळीनं बांधलेली.
दीपमाला, वय एकवीस. पुढच्या पानांवर वय अठ्ठावीस.
नळ्यांचा फोटो दोनदा. दुर्बीण एकदा.
नववा दिवस, अकरावा, तेरावा :
बीज चौदा मिलीमीटर, अठरा, एकवीस. फुटलं.
पुढच्या महिन्यात परत. फुटलं.
फुटल्यावर बीज चोवीस तास जगतं.
तेवढाच वेळ दार उघडं.
सात वर्षं ही बाई वेळेवर दार उघडत होती,
आणि गाव तिला म्हणत होतं
ते म्हणत होतं.
त्या शब्दाचं पुल्लिंग शब्दकोशात आहे.
ओट्यावर मी ते कधी ऐकलं नाही.

"लहानपणी गालफुगी झाली होती?"
"नववीत. मंग खाली बी सुजलं व्हतं. मायनं शेक देल्ला."
"पुन्हा तपासावं लागेल. एकदा बघून ठरत नाही.
कधी तयार होतात, पण वाट बंद असते.
जळगावला डॉक्टर आहेत."
मी बरंच बोलले. तो रुमालाची घडी घालत होता,
मोडत होता, घालत होता.

मग म्हणाला, "ताई, हे मराठीत लिहून द्या.
मोठ्या अक्षरात. मायले इंग्रजी येत नही,
अन् माह्या तोंडून तिले खरं वाटनार नही."

रिपोर्टाला मराठीचा रकाना नसतो.
खाली पेनानं लिहिलं : शुक्रजंतू आढळले नाहीत.
त्यानं वाचलं. पहिल्यांदाच हसला.
"जंतू नहीत म्हन्ल्यावर खूश व्हईन ती.
नारळ फोडीन."
मीही हसले. कागद फाडला.
दुसऱ्यावर शुक्राणू. तेही खोडलं.
तिसऱ्यावर बराच वेळ पेन तसंच धरून बसले.

खाली ट्रकमध्ये केळी भरत होते.
फेगड्यांची पाच हजार खोडं, पिलबाग धरून आठ.
एकाही केळात रुजेल असं बी नाही,
कापलं की नुसते काळे ठिपके, राहून गेलेले.
त्याच्या आईनं हाताने पिलं लावली असतील
चाळीस वर्षं,
आणि केळीला कधी नाव ठेवलं नसेल.

हे मी त्याला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं वाटलं, पण माणूस केळ नसतो,
आणि त्याला गाडी गाठायची होती.

लिहिलं :
*तुमच्या मुलाच्या तपासणीत बीज दिसलं नाही.
सुनेचं दर महिन्याला वेळेवर येतं.*
सही केली. लॅबचा शिक्का जरा जास्तच दाबला.

अकरा पायऱ्या तो हळू उतरला.
फाइल काखेत. कागद मात्र
शर्टाच्या आत, पोटाशी.