रंगाचा रकाना

सातेरी होनगेकरानं दह्याचे रिकामे कप
कणकुंबीच्या लाल मातीत काठोकाठ पुरलेले.
सकाळी एकात सात भुंगेरे,
एकमेकांच्या पाठीवरून चढत, घसरत.

चार हिरवे.
दोन तांब्याचे, चिंच न लावलेल्या तांब्याचे.
एक निळा, इतका की काळाच म्हणावा.

"जात एकच," मी म्हटलं,
"पाठीवरच्या रेघा मोज."
सातेरी काडीनं मोजतो : ओंदु, एरडु, मूरु,
पाचानंतर मराठीत येतो, त्याचं त्यालाही कळत नाही.
सातांच्याही पाठीवर नऊच भरतात.

"मग रंग कशाला येवढे?"
माती असेल, ऊन असेल,
आईकडून आलेलं काही असेल.
निळे ओढ्याच्या अंगाला जास्त मिळतात,
तेही दरवेळी नाही.

चिठ्ठीवर रंगाचा रकाना असतो.
मी पेन टेकवलं तोवर निळा उन्हाकडे वळला
आणि कडेकडेनं हिरवा झाला, जरासा.

"लिवा की आता," सातेरी हसला.

कप आडवा केला.
सगळे पाचोळ्यात गेले,
तिथं नुसती खसफस,
तिला रंग नव्हता.